हृदयातला भोवरा लॅपटॉपवर कसा उठवायचा आणि कसा विझवायचा

बाबांचा हात हातात घेतला तेव्हा पल्स लागत होती पण तिला तालच नव्हता, दोन ठोके पटापट, मग मोठा गॅप, मग तीन ठोके, परत गॅप. ईसीजी काढला, एट्रियल फिब्रिलेशन निघालं, आणि डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला पेनाने एक गोल काढून सांगितलं की करंट खाली उतरायच्या ऐवजी वरच्या कप्प्यातच (एट्रियममध्ये) असा फिरत बसतो. तो गोल माझ्या डोक्यातून जाईना. करंट फिरत बसतो म्हणजे नक्की काय, कोण फिरवतं त्याला, आणि थांबत का नाही? पुस्तकं वाचून शब्द पाठ झाले, पण खरं कळलं ते स्वतः लॅपटॉपवर एक भोवरा उठवला आणि स्वतःच विझवला तेव्हा. त्याचीच रीत इथे लिहितोय, पायरीपायरीने. बारावी सायन्सचं गणित आणि थोडं पायथन येत असेल तर पुरे. यातून कुणाच्या औषधाचा किंवा प्रोसिजरचा निर्णय घ्यायचा नाही, तो डॉक्टरांचा प्रांत. हे समजून घेण्यासाठी आहे.

लागणारं सामान म्हणजे पायथन, नमपाय, मॅटप्लॉटलिब, साधा लॅपटॉप आणि एक वही. वही खरंच घ्या, कारण या कामात तुम्ही दहा वेळा आकडे बदलणार आणि अकराव्या वेळेला कुठल्या आकड्यावर काय दिसलं होतं ते आठवणार नाही.

आधी पेशीचं वागणं डोक्यात बसवा

हृदयाच्या स्नायूची पेशी आरामात असते तेव्हा तिच्या आतला व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा साधारण ८० ते ८५ मिलिव्होल्ट खाली असतो. शेजारच्या पेशीकडून पुरेसा धक्का आला की तो एका झटक्यात वर उसळतो, वर थोडा वेळ टिकतो आणि मग हळूहळू खाली येतो, व्हेंट्रिकलमध्ये, म्हणजे खालच्या कप्प्यात, या सगळ्याला अंदाजे ३०० मिलिसेकंद लागतात. या उसळीला अॅक्शन पोटेन्शियल म्हणतात. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की त्या ३०० मिलिसेकंदात आणि त्यानंतरही जरा वेळ ती पेशी नवीन धक्क्याला दाद देत नाही, याला रिफ्रॅक्टरी काळ म्हणतात. उन्हाळ्यात डोंगरावर वणवा लागतो तेव्हा आग पुढे पुढे जाते, मागे येत नाही, कारण मागचं गवत जळून गेलेलं असतं, ते परत उगवेपर्यंत तिथे जळायला काही नाही. हृदयात हे गवत सेकंदाच्या एका भागात परत उगवतं, एवढाच फरक, आणि सगळी गंमत आणि सगळा धोका या फरकात आहे.

मॉडेल कुठलं घ्यायचं

हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या नर्व्हसाठी समीकरणं मांडली, १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. डेनिस नोबल यांनी १९६० मध्ये तीच पद्धत हृदयात करंट वाहून नेणाऱ्या पर्किन्जे पेशींना लावली, लंडनमधल्या फेरांटी मर्क्युरी कॉम्प्युटरवर, आणि तेव्हा मशीनवर त्यांना वेळ मिळायची ती मध्यरात्रीनंतरची. तिथून पुढे मॉडेलं मोठी मोठी होत गेली, माणसाच्या एट्रियमच्या पेशीसाठी कोर्टेमांश यांचं १९९८ चं, व्हेंट्रिकलसाठी टेन ट्युशर यांची २००४ आणि २००६ ची, ओहारा आणि रुडी यांचं २०११ चं ज्यात एका पेशीसाठी ४१ बदलत्या राशी आहेत. नवीन माणूस हमखास इथे चूक करतो, सगळ्यात मोठं मॉडेल डाउनलोड करून बसतो, आणि मग काही बिघडलं तर कुठे बिघडलं तेच सापडत नाही. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात दोन राशींच्या मॉडेलने करायची. अलिएव्ह आणि पानफिलोव्ह यांचं १९९६ चं मॉडेल त्यासाठी उत्तम, ते हृदयाच्या स्नायूसाठीच बनवलेलं आहे आणि पोस्टकार्डावर मावतं.

त्यात दोन राशी आहेत. यू म्हणजे व्होल्टेज, ० ला आराम आणि १ ला पूर्ण उसळी. व्ही म्हणजे थकवा समजा, तो जितका जास्त तितकी पेशी नवीन धक्क्याला नाखूश. समीकरणं अशी:

यू बदलण्याचा वेग = पसरण − के × यू × (यू − ए) × (यू − १) − यू × व्ही

व्ही बदलण्याचा वेग = एप्सिलॉन × (−व्ही − के × यू × (यू − ए − १))

एप्सिलॉन = एप्सिलॉन-शून्य + म्यू-एक × व्ही ÷ (यू + म्यू-दोन)

आकडे घ्या के ८, ए ०.१५, एप्सिलॉन-शून्य ०.००२, म्यू-एक ०.२, म्यू-दोन ०.३. खरे मिलिव्होल्ट हवे असतील तर यू ला १०० ने गुणून ८० वजा करा, आणि मॉडेलमधलं वेळेचं एक युनिट म्हणजे १२.९ मिलिसेकंद. पसरण म्हणजे शेजाऱ्यांकडून येणारा करंट, तो पुढे येईल.

पहिली पायरी: एकच पेशी

पसरण शून्य धरा, म्हणजे एकटी पेशी. वेळेची पायरी ०.०२ घ्या आणि साध्या ऑयलर पद्धतीने पुढे जा, म्हणजे नवीन यू = जुना यू + ०.०२ × वेग, व्ही चंही तसंच, पण दोन्ही वेग आधी काढून घ्या आणि मग दोन्ही राशी बदला, नाहीतर नवीन यू जुन्या व्ही मध्ये मिसळतो. ५००० पायऱ्या चालवा, म्हणजे १०० युनिट वेळ होईल.

आता यू ०.१ पासून सुरू करून बघा, ग्राफ गुपचूप खाली शून्याकडे जाईल. मग ०.२ पासून सुरू करा, थेट वर उसळेल. ए चा आकडा ०.१५ होता ना, तोच हा उंबरठा. उसळीची रुंदी मोजा, साधारण २६ युनिटच्या आसपास येईल, १२.९ ने गुणलं की ३३० मिलिसेकंदांच्या जवळ. हे जुळलं की पुढे जा, नाही जुळलं तर इथेच थांबून टायपिंगची चूक शोधा, बहुतेक वेळा कंसात असते.

इथेच एक प्रयोग आणखी करा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पहिली उसळी संपल्यावर दुसरा धक्का द्या, म्हणजे यू ला अचानक ०.५ करा, एकदा ३५ व्या युनिटला, एकदा ४० ला, ५० ला, ७० ला, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या उसळीची रुंदी वहीत लिहा. धक्का जितका लवकर तितकी दुसरी उसळी आखूड. पेशीला विश्रांती कमी मिळाली की ती कामही कमी वेळ करते. याच्या ग्राफला रेस्टिट्यूशन कर्व्ह म्हणतात आणि तो कर्व्ह फार चढा असेल तर एक ठोका लांब, एक आखूड, परत लांब असं सुरू होतं, त्याला अल्टर्नन्स म्हणतात. लाटा फुटायला लागण्याचं एक मुख्य कारण हेच मानतात.

दुसरी पायरी: पेशींची रांग

आता ३०० पेशी एका ओळीत मांडा, दोन बिंदूंमधलं अंतर ०.५. पसरण म्हणजे डावा शेजारी + उजवा शेजारी − दोन वेळा स्वतः, भागिले अंतराचा वर्ग. डावीकडच्या पाच बिंदूंवर यू ला १ करा आणि सोडून द्या, लाट उजवीकडे धावत सुटेल. १०० व्या बिंदूवर यू ०.५ कधी झाला आणि २०० व्या बिंदूवर कधी झाला ते बघून वेग काढा. या मॉडेलसाठी कागदावर उत्तर काढता येतं, के च्या निम्म्याचं वर्गमूळ गुणिले (१ − दोन वेळा ए), म्हणजे २ × ०.७ = १.४. तुमचा आकडा याच्या जवळपास आला पाहिजे. मग अंतर निम्मं करून ०.२५ घ्या, वेळेची पायरी ०.०१ करा आणि परत वेग काढा, तो १.४ च्या आणखी जवळ सरकायला हवा. उलट अंतर वाढवत नेलंत तर लाट मंदावत जाते आणि एका टप्प्यावर पुढच्या पेशीला पेटवूच शकत नाही, जागीच थांबते. खऱ्या हृदयात पेशींमधली जोडणी, म्हणजे गॅप जंक्शन, खराब झाल्यावर असाच ब्लॉक होतो, पण तुमच्या प्रोग्रॅममध्ये तो निव्वळ जाळी जाडी घेतल्यामुळे झालेला असतो. हे दोन वेगवेगळे आहेत हे कायम लक्षात ठेवा, कारण स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात.

आता वेगाला काळाने गुणा. निरोगी व्हेंट्रिकलमध्ये तंतूंच्या दिशेने लाट सेकंदाला साधारण ०.६ मीटर जाते, आणि पेशी ०.३ सेकंद अडकून असते. ०.६ गुणिले ०.३ म्हणजे १८ सेंटीमीटर. ही लाटेची लांबी, तोंडापासून शेपटापर्यंत. १८ सेंटीमीटरची लाट मुठीएवढ्या हृदयात गोल फिरायला गेली तर तिचं तोंड तिच्याच शेपटावर आपटतं आणि विझतं. निरोगी हृदय सुरक्षित आहे ते यामुळे. आता तंतूंवर डाग पडून वेग ०.४ झाला आणि रिफ्रॅक्टरी काळ ०.१५ सेकंदावर आला असं धरा, लांबी झाली ६ सेंटीमीटर, आणि ६ सेंटीमीटरच्या लाटेला फिरायला मोठ्या झालेल्या एट्रियममध्ये जागा मिळते. बाबांचा रिपोर्ट काढून मी परत वाचला, त्यात डाव्या एट्रियमचा आकार वाढलेला लिहिला होता, आणि त्या एका ओळीचा अर्थ मला या गुणाकारानंतर कळला.

तिसरी पायरी: रिंगण

बरेच जण रांगेवरून थेट चादरीवर, म्हणजे पेशींच्या आडव्या-उभ्या जाळीवर, उडी मारतात, मला ते पटत नाही, मध्ये रिंगण करा. जॉर्ज माइन्स यांनी १९१३-१४ च्या सुमारास प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूच्या कड्यात लाट गोल फिरते हे दाखवलं होतं, तोच प्रयोग तुम्ही १६० बिंदूंत करणार आहात. १६० बिंदूंची रांग घ्या, म्हणजे लांबी ८०. डाव्या टोकाला धक्का द्या, लाट उजवीकडे निघेल. ती पाऊण अंतर गेली, म्हणजे साधारण ४३ युनिट वेळ झाली, की दोन्ही टोकं एकमेकांना जोडून टाका, म्हणजे शेवटच्या बिंदूचा उजवा शेजारी पहिला बिंदू. तोपर्यंत डावं टोक सावरलेलं असतं. लाट उजवीकडून बाहेर पडून डावीकडून आत येते आणि वारीच्या रिंगणातल्या अश्वासारखी फेरीवर फेरी मारत राहते. तुम्ही काहीच करत नाही आहात, कुठलाही पेसमेकर नाही, आणि तरी ती थांबत नाही.

हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो. कोण फिरवतं त्याला, या माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं, कुणीच नाही, लाट स्वतःच्या शेपटामागून फिरते.

मग रिंगण लहान करत जा, १६० वरून १४०, १२०, १००, असं. फेरीचा वेळ कमी होतो, उसळी आखूड होते (पहिल्या पायरीतला रेस्टिट्यूशन आठवा), काही लांबीवर प्रत्येक फेरी वेगळी यायला लागते, आणि मग एका लांबीला लाट स्वतःच्या शेपटावर आपटून मरते. एक लक्षात ठेवा, लहान रिंगणात टोकं जोडायची वेळ बदलावी लागते, डावं टोक सावरल्याशिवाय जोडलंत तर लाट पहिल्याच फेरीला मरेल आणि तुम्हाला वाटेल रिंगण लहान पडलं. त्यापेक्षा लाट फिरत असतानाच, रिंगणाच्या आरामात असलेल्या भागातले बिंदू एकेक करून काढत गेलात तर जास्त चांगलं. कुठल्या लांबीला मेली तो आकडा वहीत मोठा लिहा, तुमच्या मॉडेलची सगळ्यात आखूड लाट ती.

चौथी पायरी: चादर आणि भोवरा

३०० बाय ३०० ची चादर, अंतर ०.५, वेळेची पायरी ०.०२. पसरणीत आता चार शेजारी, वजा चार वेळा स्वतः. एक नियम पाळावाच लागतो, वेळेची पायरी अंतराच्या वर्गाच्या चौथ्या भागापेक्षा लहान हवी, इथे ०.२५ भागिले ४ म्हणजे ०.०६२५, आपण ०.०२ वर आहोत म्हणून सुरक्षित. हा नियम मोडला की स्क्रीनवर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी येते आणि दोन क्षणांत सगळं नॅन होतं, म्हणजे आकड्यांच्या जागी निरर्थक किंमती येतात.

कडांचं नीट ऐका, कारण माझे दोन दिवस इथे गेले. चादरीच्या कडेबाहेर करंट जात नाही, स्नायू तिथे संपतो, म्हणून कडेच्या पेशीचा बाहेरचा शेजारी म्हणजे ती स्वतःच धरायची. नमपायमध्ये पॅड वापरून कडेची किंमत बाहेर कॉपी केली की काम होतं. मी त्याऐवजी रोल वापरलं होतं कारण ते एका ओळीत होतं. रोल उजवी कड डाव्या कडेला चिकटवतं, चादरीचा पाइप होतो. मला उजवीकडे गेलेली लाट आपोआप डावीकडून परत येताना दिसली आणि मी माझ्या सरांना उत्साहाने मेल केला की साध्या सरळ लाटेतून री-एंट्री झाली, म्हणजे लाट फिरून परत त्याच जागी आली. त्यांनी एवढंच विचारलं, कडेला काय लावलंयस? तेव्हापासून कुठलाही नवा कोड लिहिला की आधी एक सरळ लाट सोडतो आणि ती कडेला जाऊन गपचूप मरते का हे बघतो, मगच बाकीचं.

आता भोवरा. वेळ शून्याला चादरीच्या डाव्या कडेच्या पाच उभ्या ओळींवर यू ला १ करा, सरळ भिंतीसारखी लाट उजवीकडे जाईल. वेळ ८२ च्या आसपास तिचं तोंड उजव्या बाजूला पोचलेलं असेल आणि शेपूट चादरीच्या मधोमध. नेमक्या त्या वेळेला चादरीच्या खालच्या पूर्ण अर्ध्या भागात यू ला १ करा. काय होतं बघा, खालच्या डाव्या भागातल्या पेशी सावरलेल्या असतात म्हणून त्या पेटतात, खालच्या उजव्या अजून थकलेल्या म्हणून त्या दाद देत नाहीत. नवी लाट वर जाऊ शकते पण उजवीकडे जाऊ शकत नाही, तिला एक मोकळं टोक मिळतं, आणि त्या टोकाभोवती ती वळायला लागते. थोड्या वेळात उजवीकडचं गवत उगवतं, लाट तिकडे वळते, मग खाली, मग परत डावीकडे, आणि भोवरा तयार. प्रयोगशाळेत याला एस-वन एस-टू म्हणतात, पहिला स्टिम्युलस आणि दुसरा.

८२ हा आकडा वेद नव्हे. ६० ला दिलात तर काय, ७० ला, ९०, १००, ११० ला दिलात तर काय, सगळं करून बघा. फार लवकर दिलात तर सावरलेली जागाच पुरेशी नसते, फार उशिरा दिलात तर सगळी चादर मोकळी असते आणि दुसरी लाट नुसती पसरून निघून जाते. मधल्या एका खिडकीतच भोवरा उठतो. ईसीजीवर टी वेव्हच्या वेळेला, म्हणजे व्हेंट्रिकल सावरत असताना, पडलेला एक जादाचा ठोका एवढा धोकादायक का मानतात ते ही खिडकी स्वतः शोधल्यावर वेगळं समजावून सांगावं लागत नाही. साध्या लॅपटॉपवर ५०० युनिट वेळ म्हणजे २५,००० पायऱ्या काही मिनिटांत होतात, दर एका युनिटला एक चित्र सेव्ह करा, प्रत्येक पायरीचं करू नका, डिस्क भरेल. व्ही चंही चित्र शेजारी ठेवा, नुसता यू बघून लाट का वळली ते कळत नाही, थकवा कुठे आहे ते बघून कळतं.

असा भोवरा खऱ्या स्नायूत असतो का ही शंका मलाही होती. १९९२ मध्ये डेव्हिडेंको, हालीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्होल्टेजनुसार चमक बदलणारा रंग वापरून मेंढी आणि कुत्र्याच्या हृदयाच्या स्नायूच्या पातळ कापावर तो कॅमेऱ्यात टिपला. म्हणजे कागदावर आधी आणि डोळ्यांनी नंतर.

भोवऱ्याचे तुकडे करायचे असतील तर ए ०.१, एप्सिलॉन-शून्य ०.०१ आणि म्यू-एक ०.०७ करून परत चालवा. एका भोवऱ्याचे दोन, चार, असंख्य होतात, काही मरतात, काही नवीन जन्मतात. पहिलं चित्र टॅकिकार्डियाचं (फार जलद ठोके), दुसरं फिब्रिलेशनचं (बेताल थरथर), असं ढोबळमानाने म्हणायला हरकत नाही.

याचा ईसीजी पण काढता येतो, आणि काढाच. चादरीच्या वर थोड्या उंचीवर एक इलेक्ट्रोड आहे असं समजा. प्रत्येक पेशीची पसरण (जी तुम्ही आधीच काढलेली आहे) भागिले त्या पेशीपासून इलेक्ट्रोडचं अंतर, आणि सगळ्यांची बेरीज. दर युनिटला एक आकडा मिळतो, त्याचा ग्राफ काढा. एका भोवऱ्याचा ग्राफ एकसारख्या लाटांचा येतो, तुकडे झाल्यावर वेडावाकडा. बाबांच्या कागदावरची पट्टी आणि माझ्या स्क्रीनवरची पट्टी शेजारी ठेवल्या तेव्हा मला पहिल्यांदा त्या आजाराची भीती थोडी कमी वाटली.

पाचवी पायरी: विझवणं

शॉक द्या. भोवरा फिरत असताना सगळ्या चादरीवर यू ला एकदम १ करा. वाटतं की सगळं एकदम पेटेल, एकदम सावरेल आणि शांत होईल, आणि पुष्कळदा होतंही. पण काही वेळा थकलेल्या पेशी लगेच खाली बसतात, शेजारच्या नव्याने पेटलेल्या राहतात, त्यांच्यामध्ये परत तसंच मोकळं टोक तयार होतं आणि भोवरा परत येतो. फक्त अर्ध्या चादरीवर शॉक देऊन बघा, मग तर हे अगदी उघड दिसेल. डिफिब्रिलेटरचा शॉक कमी पडला तर तोच नवी फिब्रिलेशन सुरू करू शकतो, हे डॉक्टरांना चांगलं माहीत असतं, इथे ते का होतं ते दिसतं.

अॅब्लेशन, म्हणजे स्नायूचा ठरावीक भाग जाळणं, करायचं तर मेलेल्या पेशी लागतात. ३०० बाय ३०० चा एक मास्क घ्या, जिवंत पेशीला १, मेलेलीला ०, आणि पसरण काढताना शेजारी मेलेला असेल तर त्याच्याकडून येणारा फरक शून्य धरा. आता भोवऱ्याच्या मध्यावर एक गोल डाग द्या. मला खात्री होती की मध्य जाळला की भोवरा संपणार. संपला नाही, त्या डागाला धरून आणखी शिस्तीत फिरायला लागला, कारण आता त्याला फिरायला एक खांब मिळाला. मग त्या डागापासून चादरीच्या कडेपर्यंत एक सलग रेघ ओढा. लाट फिरत आली, रेघेवर आपटली, पलीकडे जायला वाट नाही, संपली. रेघेत दोन-चार पेशींची फट ठेवून परत करा, आणि फट रुंद करत जा, एका रुंदीनंतर लाट तिथून निसटते आणि फेरी चालू राहते.

एट्रियल फ्लटरच्या नेहमीच्या प्रकारात डॉक्टर नेमकं हेच करतात, ट्रायकस्पिड व्हॉल्व्ह आणि खालची महाशीर यांच्यामधल्या अरुंद पट्टीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ जाळतात, आणि फट राहिली नाही ना हे तिथेच तपासून घेतात. डाग कुठे आहे यावर भोवरा जगणार, चिकटणार की मरणार हे किती नाजूकपणे ठरतं यावर बेंगळुरूच्या आयआयएससीतले राहुल पंडित आणि चेन्नईच्या आयएमएससीतले सीताभ्र सिन्हा यांनी सहकाऱ्यांबरोबर २००७ मध्ये काम प्रसिद्ध केलंय, ज्यांना खोलात जायचंय त्यांनी जरूर शोधून वाचा.

औषध देऊन बघायचं असेल तर सावध राहा. पसरण ०.५ ने गुणा, म्हणजे लाट मंद होईल, वरवर वाटेल की मंद केलं म्हणजे शांत केलं. पण वरचा गुणाकार आठवा, वेग कमी म्हणजे लाट आखूड, आखूड म्हणजे फिरायला जागा जास्त. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या शेवटी कास्ट नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये हार्ट अॅटॅक येऊन गेलेल्या पेशंटना जादाचे ठोके दाबणारी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड दिली, ठोके दबले, पण डमी गोळीवाल्यांपेक्षा औषधवाल्यांमध्ये मृत्यू जास्त झाले आणि त्या औषधांचा भाग १९८९ मध्ये मध्येच थांबवावा लागला. ही औषधं सोडियमचा करंट कमी करतात, म्हणजे लाट मंद करतात. फ्लेकेनाइड आजही वापरतात, पण कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे फार पारखून.

स्वतःच्या भोवऱ्यावर विश्वास कधी ठेवायचा

अंतर निम्मं, वेळेची पायरी ०.०१ किंवा कमी (०.२५ च्या अंतराला मर्यादा ०.०१५६ आहे), आणि परत चालवा. कॉम्प्युटरला आठपट काम पडेल, पडू दे, रात्री लावून झोपा. भोवऱ्याच्या फेरीचा वेळ जवळपास तोच आला तर ठीक. मधोमध एका बिंदूवर धक्का देऊन लाट गोल पसरते का तेही बघा, जाळी जाडी असेल तर ती चौकोनी किंवा पतंगासारखी दिसते, आणि स्नायूत तसं कारण नसताना लाटेला कोपरे येत नाहीत.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. या मॉडेलमध्ये उसळीचं तोंड १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जायला साधारण २० मिलिसेकंद घेतं, खऱ्या व्हेंट्रिकलच्या पेशीत ते एक-दोन मिलिसेकंदांत होतं. आणि १.४ चा वेग म्हणजे ०.६ मीटर प्रति सेकंद धरला तर लांबीचं एक युनिट साडेपाच मिलिमीटर पडतं, म्हणजे आपली चादर ८० सेंटीमीटरच्या वर, कुणाचंही हृदय एवढं नसतं. लाट कशी वळते, कशी अडते, कशी मरते हे शिकायला हे मॉडेल सोन्यासारखं आहे, पण अमुक औषधाने अमुक पेशंटचं काय होईल हे त्याला विचारायचं नाही. मोठी मॉडेलं तोंडाच्या त्या एक-दोन मिलिसेकंदांना नीट पकडतात, म्हणून त्यांना पाव मिलिमीटर किंवा त्याहून बारीक जाळी लागते, आणि मग लॅपटॉप पुरत नाही.

त्या वाटेला जायचं असेल तर ओपनकार्प आणि ऑक्सफर्डमधून सुरू झालेलं चेस्ट ही दोन सॉफ्टवेअरं संशोधनासाठी मोफत मिळतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये नतालिया ट्रायानोव्हा यांचा गट पेशंटच्या एमआरआयवरून त्याच्या एट्रियमचं थ्रीडी मॉडेल बनवतो, डाग कुठे आहेत ते त्यात भरतो, वेगवेगळ्या जागांवरून धक्के देऊन भोवरे कुठे उठतात ते शोधतो आणि त्यावरून अॅब्लेशनच्या जागा सुचवतो, २०१९ मध्ये त्यांनी १० पेशंटवर हे करून दाखवलं. त्यातली प्रत्येक पायरी तुम्ही आता केलेली आहे, एस-टू, खिडकी, डाग, रेघ, फट, फक्त चादरीऐवजी खरा आकार.

ओपनकार्प उघडलंत तर तिथेही हाच क्रम ठेवा, आधी एकट्या पेशीचं उदाहरण, मग रांगेवर वेग, तो सेकंदाला ०.६ मीटरच्या जवळ येईपर्यंत कंडक्टिव्हिटी जुळवणं, मग सरळ लाट कडेला मरते का ते बघणं, आणि त्यानंतरच पहिला एस-टू.